आठ शब्दांचा नियम

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. कमीत कमी एक पान. माणसाच्या हातून मोठं काम घडत असेल तर त्याची नोंद ज्याची त्याने ठेवावी, ऑफिस ठेवत नाही. खाद्यपदार्थांच्या नियमांच्या ऑफिसात अकरा वर्षं काढल्यावर हे मी अनुभवाने सांगतोय.

काम असं आहे. कुठल्या पदार्थात कुठला रंग, कुठला वास, टिकण्यासाठी कुठली पावडर आणि किती, याचे आमच्याकडे सहाशे अठरा नियम आहेत. जो येतो तो म्हणतो, किचकट आहेत हो. पण किती किचकट? वजनाला काटा आहे, तापाला थर्मामीटर आहे, किचकटपणाला काहीच नाही. ते मी करणार. किचकटपणाचा इंडेक्स! प्रत्येक नियमाला एक आकडा.

२८ तारखेला नियम सोपे करण्याची समिती बसते आहे. संचालक मॅडमनी मला दहा मिनिटं दिली आहेत. इंडेक्स पाहिल्यावर मापनासाठी वेगळा कक्ष काढावाच लागेल. कक्ष म्हटला की प्रमुख आला. मी कोणाचं नाव घेत नाही.

रोज पंचवीस नियम मोजले की पंचवीस दिवसांत काम फत्ते.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी
मेथड पक्की केली. शब्द मोजायचे. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘वगळून’ यांना वर पाच-पाच गुण. एका नियमाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की दहा. कंसात कंस असेल तर पंधरा, आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात एक शिवी. शेवटी सगळ्याला दहाने भागायचं.

खरी खुबी पुढे आहे. नियम शेवटाकडून सुरुवातीकडे मोजायचा. सरळ वाचला की अर्थ कळायला लागतो, अर्थ कळला की मन भरकटतं आणि आकडा चुकतो. उलटा मोजला की शब्द म्हणजे नुसते शब्द. आज सहा नियम या पद्धतीने केले, एकाही नियमात काय आहे ते मला माहीत नाही. इतकं निर्मळ मापन आमच्या ऑफिसात आजवर झालेलं नाही.

शेजारच्या टेबलावरचे अहवालवाले म्हणाले की नोकरीत बरंच पाहिलं, पण नियम उलटा वाचणारा माणूस पहिल्यांदाच पाहतोय. तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यातलं हे.

अंगठ्याने दाबायचा काउंटर विकत घेतला. दारातून किती माणसं आत आली ते मोजतात ना, तसा. दर शब्दाला टक् वाजतं.

गुरुवार, ६ मार्च. संध्याकाळी
मेव्हणी आली होती. हिची धाकटी बहीण. जानेवारीत हॉस्पिटलच्या किचनमधली नोकरी सोडली आणि आता अननस आणि लाल मिरची एकत्र शिजवून गोड-तिखट काहीतरी बाटलीत भरते. चव झकास. अर्धी बाटली मी नुसती चमच्याने संपवली, मग हिने उचलून ठेवली.

आता एका मोठ्या दुकानाने एकदम सहाशे बाटल्या मागितल्या आहेत. ३१ तारखेला सकाळी दहाच्या आत त्यांच्या गोदामात पोचल्या पाहिजेत, नाहीतर दुकानातली ती फळी दुसऱ्याला देणार. नोकरी सोडल्यापासून पोरीचा सगळा जीव त्या एका फळीत अडकलाय, तसं तिने बोलूनच दाखवलं.

तिचे प्रश्न दोन. लेबलवर जॅम लिहायचं की सॉस? आणि टिकण्याची पावडर किती चालते? सोमवारी चौकशीला ऑफिसात जाईन म्हणत होती. मी म्हटलं, मी घरात असताना तू रांगेत उभी राहणार? दोन दिवसांत सांगतो. ती म्हणाली, मग मी निर्धास्त, भावोजी. फार बरं वाटलं. माझ्या नावावर निर्धास्त झालेलं माणूस या घरात बऱ्याच वर्षांनी दिसलं.

शनिवार, ८ मार्च
दोन दिवस झाले, मान्य आहे. पण तोंडाला येईल ते सांगण्यात काय अर्थ? तिला इंडेक्ससकट उत्तर देणार.

आमच्या कन्येने कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला. हुशार आहे, पण घाई फार. आकडे भरता भरता विचारते, बाबा, या नियमात लिहिलंय काय? तिला समजावलं की मोजणं हा पहिला टप्पा आणि अर्थ लावणं हा दुसरा. दुसरा टप्पा कधी, म्हणाली. मी म्हटलं, कक्ष मंजूर झाल्यावर. तिने माझ्याकडे तिच्या आईसारखं पाहिलं.

मंगळवार, ११ मार्च
पंचवीसचा संकल्प होता, नऊ होतात. दोष माझा नाही, अंगठ्याचा आहे. सुजलाय.

काल जेवताना सहज म्हणून हिचे ‘पण’ मोजले. आमटी वाढल्यापासून ताट उचलेपर्यंत चौदा. नवरा-बायकोत मोकळेपणा असावा म्हणून आकडा तिला सांगितला. आज सकाळी काउंटर पिठाच्या डब्यात सापडला. अजून चालतो, पण टक् आवाज घशात अडकल्यासारखा येतो.

गुरुवार, १३ मार्च. दुपारी
मेव्हणीचा फोन. छापखानेवाला १७ तारखेपर्यंत मजकूर मागतोय. खालच्या मजल्यावर तुमच्याच ऑफिसची चौकशी खिडकी आहे ना, तिथे पटकन विचारून घेऊ का, असं म्हणाली.

खिडकी! मला लागलं ते. तिथे एक बाई बसतात, वीस वर्षं त्याच खुर्चीवर, बाजूला चहाचा थर्मास. लोक विचारतात, त्या उत्तर देतात. नुसतं तोंडी! आपण सांगितलेल्या उत्तरामागचा नियम किती किचकट होता याचा त्यांना पत्ता नसतो, आणि नाही याची खंतही नसते. परवा जिन्यात मी त्यांना इंडेक्स समजावून सांगितला, तर म्हणाल्या, छान आहे हो, पण जरा बाजूला व्हा, माझी माणसं खोळंबलीत.

मेव्हणीला सांगितलं की खिडकीत अजिबात जायचं नाही. घरचा माणूस वर बसलेला असताना खाली विचारलंस तर माझं नाक कापलं जाईल. बरं म्हणाली. मोठी समजूतदार आहे.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ५.४०
सुट्टीच्या दिवशी ऑफिसात गेलो ते वाया गेलं नाही. आज शोध लागला!

तिच्या पदार्थाला तीन वर्ग लागू शकतात. ‘जॅम’, नियम ४०९: अकराशे चाळीस शब्द, तेवीस परंतु, त्यावर तळटीपा. इंडेक्स १४२. वाटेत दोनदा मोजणी चुकली, एकदा मान अवघडली. ‘फळांचे इतर पदार्थ’, नियम ४११: इंडेक्स १९०. त्याबद्दल काही लिहायची माझी इच्छा नाही.

मग पान उलटलं आणि नियम ४१२. वर्ग ‘ताजा सॉस’. आठ शब्द. फक्त आठ! परंतु नाही, तथापि नाही, कंस नाही, कोणाकडे बोट नाही, एक आकडासुद्धा नाही. आणि शेवटचा शब्द, म्हणजे माझ्या मेथडने पहिला, अवघ्या दोन अक्षरांचा. काय सुख असतं अशा शब्दाने सुरुवात करण्यात! इंडेक्स ०.८. सगळ्या ऑफिसात सगळ्यात कमी. मी खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत फेरी मारून आलो.

रविवार, १६ मार्च. सकाळी
मेव्हणीला उत्तर दिलं. लेबलवर लिही ‘ताजा सॉस’. जिथे किचकटपणा कमी तिथे आपण शिरायचं, सोपं आहे.

पावडर किती, म्हणाली. तेही सांगितलं. कायद्याला मर्यादा घालायची असते तेव्हा कायदा आकडा देतो. नियमात आकडाच नाही, म्हणजे मर्यादाच नाही. हवी तितकी घाल.

तिने दोनदा विचारलं, नक्की ना भावोजी? नियम एकदा मी बघू का? मी म्हटलं, अगं आठ शब्द, त्यात काय बघायचं! तरी म्हणाली की पावडर मी आपली पाकिटावर लिहिली आहे तेवढीच घालते, चिमूटभर. स्वभाव भित्रा, काय करणार.

जाता जाता माझ्याकडून दोन सल्ले. लेबल वॉटरप्रूफ घ्यायचं, गोंद एक नंबरचा. आणि नावाखाली ठळक अक्षरांत लिहायचं: टिकण्यासाठी परिरक्षक घातले आहे. हे पावडरचं कायदेशीर नाव. लपवाछपवी नको, कायद्याला प्रामाणिक माणूस आवडतो.

गुरुवार, २० मार्च
लेबलं छापून आली, सुरेख. वर मोठं ‘ताजा सॉस’, खाली परिरक्षकाची ओळ.

हिने एक लेबल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाली, ताजाही म्हणायचं आणि टिकायची पावडरही घातली म्हणायचं, हे कसं काय? मी म्हटलं, हा साध्या माणसाचा प्रश्न झाला, कायदा वेगळ्या पद्धतीने चालतो. ती ‘पण’ म्हणाली आणि पुढचं गिळलं. मी मोजलं नाही.

सोमवार, २४ मार्च
सहाशे अठरांपैकी एकशे सत्याण्णव झाले. उरलेले सरासरीने काढणार. भात शिजला की नाही ते चार शितांवरून पाहतात, सगळं पातेलं कोणी उपसत नाही.

कन्येने स्लाइड करून दिल्या. शेवटच्या स्लाइडवर नियम ४१२ पूर्ण घे, म्हटलं. मोठ्यात मोठ्या अक्षरात. वर मथळा: ‘आदर्श नियम’. फाइल तिने कालच दिली. काहीतरी सांगत होती मला, बाबा तो नियम एकदा, असं. मी तेव्हा टाय शोधत होतो.

गुरुवार, २७ मार्च. रात्री ९
आरशासमोर तीनदा तालीम. साडेनऊ मिनिटं. तीस सेकंद टाळ्यांना ठेवली आहेत. मेव्हणीच्या सहाशे बाटल्या भरून, लेबलं लावून तयार. तिने फोटो पाठवला. एका ओळीत सगळ्या, अगदी पलटण उभी. मलाच भरून आलं.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी १.३०, ऑफिसच्या गच्चीवर
लिहितोय. नोंद ठेवायची म्हणजे हीही ठेवायची.

सुरुवात उत्तम झाली. इंडेक्सचा तक्ता पाहून दोघांनी चष्मे चढवले. मग शेवटची स्लाइड आली. मी म्हटलं, हा पाहा, आपल्या सगळ्या नियमांतला हिरा. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. सरळ. सुरुवातीपासून शेवटाकडे.

‘या वर्गातील पदार्थात कोणतेही परिरक्षक वापरता येणार नाही.’

मी तो नियम पहिल्यांदा ऐकला.

मॅडम म्हणाल्या, खरंच स्पष्ट आहे. सॉस कारखान्यांचे प्रतिनिधी म्हणाले, हो, आमच्या लोकांना तो त्याचसाठी आवडत नाही. सगळे हसले. मॅडमनी विचारलं, म्हणजे तुमच्या इंडेक्सप्रमाणे सरसकट बंदी घातली की नियम सगळ्यात सोपा, असंच ना? रागाने नाही, खरोखर विचारलं. मी म्हटलं, अर्थ लावणं हा दुसरा टप्पा आहे. त्या म्हणाल्या, एकशे सत्याण्णव मोजलेत, त्यातले वाचलेत किती?

मला समोर समिती दिसतच नव्हती. ती सहाशे बाटल्यांची ओळ दिसत होती. ‘ताजा सॉस’, आणि खाली ठळक अक्षरांत, माझ्याच सल्ल्याने, स्वतःचा गुन्हा स्वतःच कबूल. टाळ्यांचे तीस सेकंद तसेच गेले.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६
घरी येऊन सांगून टाकलं. आधी वाटलं होतं की नियम नुकताच बदलला असं काहीतरी म्हणावं. पण मेव्हणी दारातच भेटली, हातात दुकानाच्या गोदामाचा पत्ता लिहिलेला कागद, आणि मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. उलटी मेथडसुद्धा.

ती खाली बसली. तो कागद मांडीवर ठेवून रडली. ओरडली असती तर परवडलं असतं. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. एकही पण नाही. मला माझी लाज वाटली, ती इथे लिहून ठेवतो.

मग कन्येने काय केलं, तर फोन लावला चौकशी खिडकीला. बंद व्हायची वेळ झाली होती. बाईंनी विचारलं, फळ अर्ध्याच्या वर आहे का? आहे. पावडर किती घातली? चिमूटभर, पाकिटावरची. मग तो जॅम, त्या म्हणाल्या, जॅममध्ये एवढी चालते, लेबल बदला आणि शांत झोपा. सगळं मिळून दीड मिनिट. ४०९मधले अकराशे चाळीस शब्द त्यांनी बरोबर तोंडात ठेवले होते, लागले तेवढेच बाहेर काढले.

मेव्हणीने चिमूटभर घातली म्हणून वाचलो. हवी तितकी घाल म्हणणारा मी होतो.

शनिवार, २९ मार्च
लेबलं काढतोय. चौघंही. गोंद एक नंबरचा आहे. गरम पाण्याला दाद देत नाही, व्हिनेगरला देत नाही, सुरीने काच ओरखडते. वॉटरप्रूफची कल्पना कोणाची होती, असं हिने अगदी साध्या आवाजात विचारलं. मी न्हाणीघरात जाऊन आणखी पाणी तापवलं.

रविवार, ३० मार्च
छापखाना बंद. छापखानेवाल्याच्या घरी गेलो, तो बाहेरगावी. उद्या सकाळी नऊला उघडतो म्हणे. बोटांची सालं निघाली आहेत. मेव्हणी आमच्याच घरी राहिली. तिने माझ्या बोटांना मलम लावून दिलं. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं.

सोमवार, ३१ मार्च. संध्याकाळी
नऊला छापखान्याच्या दारात उभा होतो. लेबलं साडेअकराला मिळाली. चिकटवून, खोक्यात भरून टेम्पो गोदामाला पोचला तो दुपारी साडेतीनला. दहाची वेळ होती.

गोदामवाला म्हणाला, फळी दुपारीच दुसऱ्याला दिली. मेव्हणीने हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. बाटली उघडली, चमचा त्याच्या पुढे केला. त्याने खाल्लं, वर कोणाला तरी फोन केला. अर्धी फळी निघाली. तीनशे बाटल्या घेतल्या. उरलेल्या तीनशे आमच्या दिवाणखान्यात आहेत, सोफ्यावर बसायला जागा नाही.

ती म्हणाली, तीनशे तर तीनशे. मी म्हटलं, चूक माझी. ती म्हणाली, हो. एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

गुरुवार, ३ एप्रिल
मापन कक्ष होणार नाही. मॅडमनी बोलावून सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून माझी बसायची जागा तळमजल्यावर, खिडकीतल्या बाईंच्या मागे. काम: त्या मागतील तो नियम काढून देणं. हा तात्पुरता बदल असावा. प्रत्यक्ष क्षेत्राचा अनुभव असल्याशिवाय दुसरा टप्पा नीट होणार नाही असा मॅडमचा हेतू दिसतो. बोलल्या नाहीत तसं, पण दिसतो.

मंगळवार, ८ एप्रिल
आज बाईंनी विचारलं, इंडेक्सचं काय झालं? म्हटलं, चालू आहे. त्या म्हणाल्या, बरं, पण तोवर ती ‘मिठाई’ची फाइल काढा, आणि देताना पाच नंबरचं कलम वाचून दाखवा, माझा चष्मा पुसायचाय. वाचून दाखवलं. सरळ वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, ९ एप्रिल. संध्याकाळी ७
मेव्हणीचा फोन. हिला नाही, मला. मी दिवाणखान्यातल्या खोक्यांवरून उडी मारून घेतला. म्हणाली, नवीन पदार्थ करून पाहतेय, पेअर आणि आलं, पण कुठल्या वर्गात बसेल ते कळत नाहीये. मी वही ओढली, पेन उघडलं, म्हटलं, विचार, या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून सांगतो, वाटलं तर फोनवरच वाचतो.

ती म्हणाली, नाही भावोजी, तुम्ही आता त्यांच्या मागेच बसता ना, म्हणून फोन केला. त्या बाईंचा थेट नंबर तेवढा हवा होता.

दिला.